खड्या गाडीचे आठशे फेरे

माझे सासरे सुभेदार हंबीरराव यांचं पत्र मी नेहमी उभं राहून वाचतो. बसून वाचलेलं त्यांना साताऱ्यात कळतं, असा माझा समज आहे. त्या दिवशी तर पोस्टकार्ड आलं होतं. म्हणजे ते आधी पोस्टमनने वाचलं, मग समोरच्या अप्पा पेन्शनरांनी वाचलं आणि शेजारच्या हरणाबाईला वाचता येत नसल्यामुळे तिच्यासाठी ते अंगणात मोठ्याने वाचण्यात आलं. माझ्या हातात पडलं तेव्हा सांगलीच्या आमच्या आळीत त्या मजकुराबद्दल अज्ञानी असा मी एकटाच उरलो होतो.

मजकूर असा होता : "चि. जावईबापू यांस आशीर्वाद. लष्कराच्या लिलावातली मोटारसायकल तुम्हांस देऊन महिना झाला. खडी गाडी मिनिटाला किती फेरे घेते ते मोजून लेखी कळवावे. पलटणीत आठशेचा हुकूम होता. दोन साक्षीदार घ्यावेत. तिसऱ्या रविवारी आम्ही जातीने तपासणीस येतो. फरक निघाल्यास गाडी वाईस जाईल. चि. शालूस आशीर्वाद."

खडी गाडी म्हणजे गाडी जागेवर उभी, पण इंजिन चालू. अशा वेळी इंजिन आपलं आपण, कुणी पिळलं-दाबलं नाही तर, मिनिटाला किती गरगरतं, एवढंच सुभेदारांना हवं होतं. मागणी साधी होती. हादरलो मी "वाईस जाईल" या दोन शब्दांनी.

वाईला माझे साडू राहतात. नाथाजीराव वकील. सुभेदार दोन्ही जावयांना सारखंच मानतात, म्हणजे दोघांवरही त्यांचा विश्वास नाही. त्यांनी दिलेली वस्तू ही भेट नसते, ती ताब्यात दिलेली सरकारी मालमत्ता असते आणि तिची तपासणी होते. तीन वर्षांपूर्वी आम्हाला मिळालेला ग्रामोफोन, तपासणीत त्याच्या कर्ण्यातून झुरळ निघाल्यामुळे, त्याच दिवशी वाईला रवाना झाला. तेव्हापासून नाथाजीरावांच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असते : "ग्रामोफोन उत्तम चालला आहे." ते पत्र मृत्यूच्या बातमीचं असलं तरी ही ओळ चुकत नाही.

आता मोटारसायकलही गेली असती तर मला शाळेत जाणं कठीण झालं असतं. मी हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवतो. बी.एस्सी. आहे. चौदा वर्षं नोकरी झाली, पण हेडमास्तर मला "काय हो" अशी हाक मारत. त्यांच्या सायकलीशेजारी माझी हिरवी लष्करी मोटारसायकल उभी राहू लागली आणि तिसऱ्या दिवशी ते "अहो सर" म्हणाले. ज्याने चौदा वर्षं "काय हो" ऐकलं आहे त्यालाच या दोन शब्दांची किंमत कळेल. ते "अहो सर" आता आठशे फेऱ्यांवर अवलंबून होतं.

"त्यात काय एवढं?" मी शालूला म्हणालो. "शास्त्राचा माणूस आहे मी."

"बाबांना तेच बघायचं असेल," शालू म्हणाली.

इंजिनचा एक फट् म्हणजे एक फेरा, हे उघडच होतं. तेव्हा मिनिटभर फट् मोजले की काम झालं. मी गाडी अंगणात स्टँडवर लावली, किक मारली, घड्याळ हातात धरलं आणि मोजू लागलो.

मराठीत मोजण्यात एक अडचण आहे, ती माझ्या आधी कुणी नोंदवलेली दिसत नाही. दहापर्यंत ही भाषा चपळ आहे. अकरा ते अठरा ती जरा दमाने चालते आणि एकोणीसला तिला पहिली धाप लागते. मी "एकोणीस" म्हणेपर्यंत इंजिन तीन फट् पुढे गेलेलं असे. एकोणतीसला ते दृष्टीआड झालं आणि एकोणचाळीसला मला ठसका लागला. इंजिनला ही अडचण नाही, कारण ते आपल्या सगळ्या फटांना एकच नाव देतं.

"आवं मास्तर," हरणाबाई म्हणाली, "ती गाडी हलत न्हाई नि निस्ती वरडतीया. दिष्ट लागलीया तिला. मीठ-मिरच्या उतरून टाका."

हरणाबाई व्यापाऱ्यांची हळद कुटून देते. उन्हाळ्याच्या तोंडाला आमचं सामाईक अंगण निम्मं तिच्या हळदीखाली असतं. कुटलेली पूड ती जुन्या लुगड्याच्या धडप्यावर पसरून ठेवते आणि त्या धडप्यापलीकडच्या जगाकडे तुच्छतेने बघते. तिचा सल्ला मी हसून सोडून दिला. पुढे वाटलं, मीठ-मिरच्या स्वस्तात पडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी मी शास्त्रीय पद्धत काढली. इंजिनला एक पेन्सिल सुतळीने घट्ट बांधली. शाळेतल्या परीक्षेच्या पुरवण्या एकमेकांना खळीने चिकटवून लांब पट्टी केली. शालूने ती पट्टी पेन्सिलीखालून मिनिटभर ओढायची, प्रत्येक फटाला पेन्सिल एक वेलांटी काढणार, मग मी सावकाश घरात बसून वेलांट्या मोजणार. कल्पना अजूनही मला निर्दोष वाटते. दोष कागदात, सुतळीत, पेन्सिलीत आणि वाऱ्यात होता.

पट्टी मी कौतुकाने अप्पा पेन्शनरांना दाखवली. त्यांचा सगळा जन्म जुन्या दप्तरखान्यात मोडी कागद वाचण्यात गेलेला. त्यांनी चष्मा लावला, पट्टी आडवी धरली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"राजश्री स्पष्ट आहे," ते म्हणाले.

"अप्पा, हे इंजिनने काढलंय."

"असेल. वळण चांगलं आहे. पुढे 'सदरहू बाबतीत' असं दिसतं. सही मात्र लागत नाही." आणि पट्टी गुंडाळून ते घरी घेऊन गेले. दोन दिवसांनी परत आणून दिली तेव्हा आवाज खाली आणून म्हणाले, "विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा कागद आहे. तुमची बाजू भक्कम आहे. जपून ठेवा."

या अवस्थेत मला हरिबा भेटला. भेटला म्हणजे तक्रार घेऊनच आला. हरिबा आमच्या कोपऱ्यावरचा शिंपी. शिवण चार दिवस उशिरा देतो, पण गुरुवारच्या भजनात त्याचा मृदंग एका मात्रेनेही मागे पडत नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमच्या गाडीनं माझ्या मशिनीवरचा पाय बिघडवला. तुमची गाडी लयीत हाय, नि माझा पाय तिच्या मागं जातोय. आज एका गिऱ्हाइकाच्या कोटाला तीन बाह्या शिवल्या."

मी एकदम उभा राहिलो. मोठे शोध असेच लागतात, असं मी मुलांना शिकवत आलो आहे.

"हरिबा, गाडीच्या लयीवर मृदंग वाजवशील? एकेका फटाला एक मात्रा?"

"वाजवीन की. पर भजन कसलं?"

"भजन नाही. मोजणी."

मांडणी अशी केली : हरिबाने इंजिनच्या बरोबरीने ठेका धरायचा. त्याचं एक आवर्तन पुरं झालं, समेवर थाप पडली, की शालूने एका ताटलीतला एक शेंगदाणा दुसऱ्या ताटलीत टाकायचा. मी घड्याळ बघायचं. फट् मोजायला नकोत, एकोणीस म्हणायला नको. शेंगदाण्यांना धाप लागत नाही.

हरिबाने मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावली, मान तिरकी केली, इंजिनचं थोडं ऐकून घेतलं आणि थाप मारली. काय सांगू! एरवी भुतासारखं भेसूर वाटणारं ते धूड एकदम साथीला बसल्यासारखं वाटू लागलं. अप्पा पेन्शनर मान डोलवत बाहेर आले. हरणाबाईच्या मुसळालाही लय आली. मिनिट संपलं तेव्हा ताटलीत बरोबर पन्नास शेंगदाणे होते. आम्ही पुन्हा केलं, पुन्हा पन्नास. तिसऱ्यांदा एकोणपन्नास आले, पण एक हरिबाने खाल्ल्याचं त्याने लगेच कबूल केलं.

आता ताल म्हटला की सोळा मात्रा, हे मला माहीत होतं. कॉलेजात असताना मिरजेच्या जलशांना मी पुढच्या रांगेत बसून चुकीच्या ठिकाणी टाळ्या दिलेल्या आहेत. पन्नास गुणिले सोळा. आठशे! ना एक कमी, ना एक जास्त. आवर्तनात मात्रा किती, हे हरिबाला विचारावं असं मला सुचलं नाही, कारण ज्ञान माझ्याकडे आधीच होतं.

त्याच दुपारी मी सुभेदारांना पत्र लिहिलं : "खडी गाडी मिनिटाला आठशे फेरे घेते. मोजणी शास्त्रीय पद्धतीने केली आहे." साक्षीदार म्हणून हरिबाने सही केली आणि हरणाबाईने अंगठा उठवला. शाईची गरज पडली नाही. तिच्या हळदीच्या अंगठ्यामुळे पत्राला लग्नपत्रिकेची कळा आली. मी ते रजिस्टर करून पाठवलं.

पुढचे चार दिवस मी आयुष्यात प्रथमच वाईला स्वतःहून पत्र लिहिण्याचा विचार करत होतो.

पाचव्या दिवशी मिरजेहून बादशहा आला. बादशहा तंबोरे करतो. शाळेच्या गायनवर्गाचा तंबोरा दुरुस्त करून त्याने आणला होता आणि दरवेळेप्रमाणे चहाला घरी आला होता. हरिबाही होताच, कारण मोजणीनंतर आमच्या घरच्या शेंगदाण्यांवर आपला हक्क आहे असं त्याला वाटू लागलं होतं. मी बादशहाला सगळी हकिकत सांगितली. पन्नास आवर्तनं, गुणिले त्रितालाच्या सोळा मात्रा, बरोबर आठशे.

बादशहाने बशीतला चहा बशीतच ठेवला. "मास्तरसाहेब, हरिबानं त्रिताल वाजवला?"

"मग?"

"हरिबा, तुला त्रिताल येतो रे?"

"मला कवा शिकवलास तू?" हरिबा तोंडातला दाणा गिळून म्हणाला. "आपला भजनी ठेका. आट मात्रा. बापानं वाजवला, आज्ज्यानं वाजवला."

"आठ?" मी म्हणालो.

"आटच की."

"अरे, मग तू सांगितलं का नाहीस?"

"आवं, तुमी इचारलं कुटं? तुमी तर गुणाकारच करीत हुता. शिकल्यासवरल्या मानसाला मधीच कसं टोकायचं?"

पन्नास गुणिले आठ. चारशे. बादशहाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या मास्तरसाहेब. फार नाही चुकलं. नुसतं निम्मं."

शालू आतून बाहेर आली. "मग बाबांना दुसरं पत्र टाका. मोजण्यात चूक झाली म्हणून कळवा."

तिला मी समजावून सांगितलं की तिचे वडील पलटणीत होते आणि पलटणीत चूक केली तर शिक्षा होते, पण रिपोर्ट बदलला तर माणूस होत्याचा नव्हता होतो. कागद रजिस्टर होऊन साताऱ्याला पोचला होता. त्यावर दोन साक्षीदार होते, पैकी एक पिवळा. कागद आता बदलता येत नव्हता. बदलण्यासारखं एकच काही उरलं होतं.

"गाडी बदलू," मी म्हणालो. "पत्रात आठशे आहेत ना? मग गाडी आठशे फेरे घेईल."

बादशहाला ही कल्पना एकदम पटली. त्याच्या धंद्यात वाद्य चुकीचं असतं, सूर कधीच चुकीचा नसतो. तो इंजिनपाशी उकिडवा बसला, कान लावला, बोटं फिरवली आणि कार्बोरेटरचा एक बारीक स्क्रू त्याला सापडला. "हा बघा. तंबोऱ्याला मणी असतो, खालीवर सरकवून सूर लावायचा. तोच हा. फिरवला की चढेल." त्याने स्क्रू फिरवला. इंजिन चढलं, खाकरलं आणि बंद पडलं.

पेट्रोल संपलं होतं. महिन्याच्या कुपनांवर मिळालेलं सगळं पेट्रोल गाडीने एक इंचही न हलता अंगणात पिऊन टाकलं होतं.

लढाई संपली होती, पण पेट्रोलचं रेशनिंग संपलं नव्हतं. जादा पेट्रोलसाठी कचेरीत अर्ज करावा लागे. अर्जाला चार रकाने होते : कोठून, कोठे, मैल, प्रवासाचे कारण. खिडकीतल्या कारकुनाने माझा अर्ज पाहिला. तो स्वच्छ कोरा होता.

"कुठे जाणार?"

"कुठेच नाही."

"मग पेट्रोल कशाला?"

"गाडी चालू ठेवायला."

"चालू ठेवून कुठे जाणार?"

"ती उभी राहणार आहे."

कारकुनाने पेन खाली ठेवलं आणि खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. "ती माझी सायकल. सकाळपासून उभी आहे. तिला काही लागलं नाही."

मी त्याला खड्या गाडीच्या फेऱ्यांचं शास्त्र समजावून सांगितलं. माझ्या मागच्या रांगेतल्या दोघांना ते समजलं आणि ते निघून गेले. कारकुनाला समजलं नाही, पण त्याने दया दाखवली. शास्त्रीय कामासाठी पेट्रोल हवं असल्याचा हेडमास्तरांचा दाखला आणायला सांगितला. हेडमास्तरांनी दाखला दिला. त्यात मला "सदर शिक्षक" म्हटलं होतं, तेही मी चालवून घेतलं. शनिवारी एक गॅलन मंजूर झालं. कारकुनाने स्वतःच्या हाताने रकाने भरले : कोठून - घरून. कोठे - घरी. मैल - शून्य. शून्यावरून त्याने दोनदा पेन फिरवलं, म्हणजे उद्या कुणाला खाडाखोड वाटू नये.

रविवार उजाडला. सुभेदारांची सर्व्हिस मोटार साडेदहाला येणार होती. नवाला आम्ही गाडी अंगणात घेतली. बादशहा मिरजेहून पहिल्या गाडीने आला होता. पोटाला रुमाल बांधून तो स्क्रूपाशी बसला. हरिबा मृदंग घेऊन, शालू ताटल्या घेऊन. अप्पा पेन्शनरांनी ओसरीवर खुर्ची टाकली. ते दुसरा कागद निघण्याची वाट बघत होते.

भजनी ठेक्याची पन्नास आवर्तनं म्हणजे चारशे. तेव्हा आठशेला शंभर आवर्तनं हवीत. हिशेब आता पक्का होता. यावेळी मी मात्रा हरिबाला तीनदा विचारून घेतल्या होत्या.

बादशहाने स्क्रू फिरवला. साठ शेंगदाणे. आणखी फिरवला. पंचाहत्तर. हरिबाच्या कपाळावरून घाम ओघळू लागला.

"मास्तर, हे भजन न्हाई ऱ्हायलं," तो ओरडला. "ही तर पळापळ हाय!"

"थांबू नकोस!"

नव्वदला शालूचे हात अपुरे पडले. ती मुठीने शेंगदाणे टाकू लागली आणि बादशहा एका हाताने ते परत मोजू लागला. पंच्याण्णवला मृदंगाची कणीक सुटली आणि अप्पांच्या चष्म्यावर जाऊन बसली. "अक्षर बिघडलं," असं अप्पा म्हणाल्याचं मला ऐकू आलं. आणि शेवटी बादशहाने दोन्ही हात वर करून आरोळी दिली, "शंभर!"

मला आनंद व्यक्त करायला वेळ मिळाला नाही. कारण त्याच क्षणी गाडी चालू लागली. म्हणजे चाकांवर नव्हे. स्टँडवर उभ्या उभ्या ती थरथरत होती आणि त्या थरथरण्यानेच टिचभर टिचभर मागे सरकत होती, राजदरबारातून पाठ न दाखवता निघालेल्या मानकऱ्यासारखी. मी पुढे धावून हँडल धरलं. तिने मलाही बरोबर घेतलं.

"आवं माजी हळद!" हरणाबाई किंचाळली.

गाडीचं धुराचं नळकांडं धडप्याच्या बरोबर कडेला जाऊन थांबलं आणि त्याने सगळ्या धडप्यावर एक दीर्घ फुंकर घातली. पुढे काही दिसलं नाही. जग पिवळं झालं. खोकण्याचा आवाज येत होता, त्यावरून माणसं कुठे आहेत ते कळत होतं. हरिबा मात्र ठेका सोडायला तयार नव्हता. त्या पिवळ्या ढगातूनही मृदंग ऐकू येत होता.

ढग खाली बसला तेव्हा फाटकात सुभेदार हंबीरराव उभे होते. फेटा, कोट, मिशा, हातात काठी. मोटार वेळेआधी आली होती. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. माझ्या पापण्यांनाही हळद होती.

"जावईबापू," ते म्हणाले, "आमी तुमास्नी हळद येकदा लावली हुती. पुन्यांदा कुनी लावली?"

मी वाकून नमस्कार केला. त्यांच्या बुटांवर थोडी हळद पडली.

सुभेदारांनी काठी जमिनीला टेकली, डोळे मिटले आणि इंजिनचा आवाज ऐकला. वीस वर्षं त्यांनी पलटणीच्या गाडीखात्यात नोकरी केलेली. त्यांना ना मृदंग लागला, ना शेंगदाणे. 

"ही गाडी सोळाशेनं पळतीया," ते म्हणाले.

"आठशेने!" मी म्हणालो. "हरिबाला विचारा. शंभर आवर्तनं, आठ मात्रा. ताटलीत शेंगदाणे आहेत. शास्त्रीय पद्धत आहे, मामा."

"फट् किती झालं?"

"आठशे."

"आनि फेरे?"

"तेच ना. एक फट्, एक फेरा."

सुभेदारांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी त्यांनी त्या झुरळाकडे टाकली होती. मग ते काठीने हरणाबाईच्या हळदीवर रेघा ओढत बोलू लागले. "आवं, ह्ये चार झटक्याचं इंजिन हाय. येक झटका हवा वडायची. दुसरा दाबायची. तिसऱ्याला बार. चौथ्याला धूर भाईर. चार झटक्यांत दोन फेरे. दोन फेऱ्यांत बार येकच. आमच्यातल्या अडाणी डायवरास्नी बी पैल्या आठवड्यात शिकवत्यात ह्ये."

ते मलाही माहीत होतं. दुःख हेच आहे. दरवर्षी मॅट्रिकच्या वर्गाला मी फळ्यावर ही आकृती काढतो. रंगीत खडूने काढतो. फक्त ते इंजिन पुस्तकातलं असतं. अंगणात उभ्या असलेल्या वस्तूला ते लागू पडेल अशी शंका मला चौदा वर्षांत आली नव्हती.

शालूने पदराने तोंडावरची हळद पुसली. "बाबा, मग पहिल्यांदा पन्नास आले होते तेव्हा?"

"पन्नास आटे चारशे बार. चारशे बार म्हंजी आठशे फेरे."

सुभेदारांनी कोटाच्या आतल्या खिशातून माझं पत्र काढलं. कोपऱ्यावर पिवळा अंगठा. "आठशे. ह्ये बरूबरच हुतं की! ह्ये कसं काय जमलं तुमास्नी?"

मी त्यांना अभिमानाने सांगितलं की मी मात्रा आठच्या ऐवजी सोळा धरल्या आणि फेरे दोनाच्या ऐवजी एक धरला, म्हणजे एक चूक दुप्पट होती आणि दुसरी निमपट, आणि त्या एकमेकींना अशा काही चपखल भेटल्या की...

"म्हंजी गाडी ठीक हुती," सुभेदार म्हणाले, "कागूद ठीक हुता. मग कागूद ठीक ठिवायसाठी तुमी गाडी बिघडवली."

"तसं म्हटलं तर..."

"जावईबापू, उत्तर बरूबर हाय. मानूस चुकलाय." त्यांनी पत्र खिशात ठेवलं. "कागदावर आठशे, गाडीत सोळाशे. फरक निघाला. गाडी वाईला जानार. आत्ताच जानार, मीच नेनार."

शालू काही बोलणार होती, पण तिच्या वडिलांनी काठी वर केली. मला डोळ्यांसमोर पत्र दिसू लागलं : "ग्रामोफोन व मोटारसायकल उत्तम चालली आहेत." मला हेडमास्तरांची हाक ऐकू आली. काय हो.

सुभेदारांनी स्क्रू पूर्वीच्या जागी आणला. इंजिन निवळलं. त्याने एक फट् केला, थोडा विचार करून दुसरा केला आणि बंद पडलं. सुभेदारांनी किक मारली. पुन्हा मारली. फेट्याचा शेमला सुटेपर्यंत मारली. बादशहाने टाकीचं झाकण काढून कान लावला, टिचकी मारली आणि म्हणाला, "खाली आहे, सुभेदारसाहेब. रिकाम्या भोपळ्याचा आवाज येतोय."

"रेल्वेनं पाठवायची का?" हरिबाने विचारलं. तो उगाच मदत करणारा माणूस आहे.

"रेल्वेनं?" सुभेदार कडाडले. "ती काय जखमी हाय? आपल्या चाकावर जाईल. उद्या पेट्रोल आनू."

सोमवारी सुभेदार आणि मी कचेरीत गेलो. माझ्या कानात अजून हळद होती. कारकुनाने आमचा कागद शोधून काढला.

"मागच्या गॅलनवर गाडी किती मैल गेली?"

"एकही नाही," मी म्हणालो. सासऱ्यांसमोर खोटं बोलण्याची माझी छाती नव्हती.

"म्हणजे पेट्रोल दिलं नसतं तरी ती तितकीच गेली असती," कारकून म्हणाला. त्या खिडकीत एवढी अचूक विचारसरणी असेल असं मला वाटलं नव्हतं. मग त्याने दौतीत टाक बुडवला आणि कागदाच्या डाव्या अंगाला शेरा मारला : "सदर गाडी कोठेही जात नाही. सबब कुपने बंद." खाली सही केली, टिपकागदाने टिपलं.

सुभेदार खिडकीवर वाकले. "ह्ये लेखी हाय?"

"लेखी आहे. पुन्हा चालू करायची तर ज्याच्या नावावर गाडी आहे त्याने स्वतः, स्वतःच्या हस्ताक्षरात, नवा अर्ज करायचा."

"गाडी कुनाच्या नावावर हाय?"

"यांच्या."

सुभेदारांनी टाचा जुळवल्या. लेखी हुकमापुढे त्यांनी कधी वाद घातलेला नाही. "अर्ज करा, जावईबापू," एवढंच ते म्हणाले आणि दुपारच्या मोटारीने साताऱ्याला गेले.

या गोष्टीला आता अकरा महिने झाले. गाडी अंगणात आहे. हेडमास्तर मला अजून "अहो सर" म्हणतात. गाडीची लष्करी तपासणी चालू आहे, एवढंच मी त्यांना सांगितलं आहे आणि लष्कराचं नाव निघालं की ते जास्त विचारत नाहीत. हरणाबाई हँडलवर धडपी वाळत घालते. तिच्या हळदीची भरपाई म्हणून मी एक सबंध रविवार मुसळ चालवलं. हरिबा म्हणाला की माझा हात लयीत नाही.

सुभेदारांचं दर महिन्याला कार्ड येतं, "पेट्रोलच्या अर्जाचे काय झाले?" मी उलट टपाली कळवतो, "अर्ज विचाराधीन आहे." यात तिळमात्र खोटं नाही. तो करावा की नाही याचा मी खरोखरच विचार करतो आहे. नाथाजीरावांचंही पत्र येतं. ग्रामोफोन उत्तम चालला आहे. मीही आता माझ्या उत्तराच्या शेवटी एक ओळ घालतो, "मोटारसायकल उत्तम उभी आहे."

मागच्या आठवड्यात मात्र सुभेदारांचं वेगळं कार्ड आलं. "खडी गाडी हल्ली मिनिटाला किती फेरे घेते ते मोजून लेखी कळवावे. साक्षीदार पूर्वीचेच." मी कुणालाही कुठे चुकायला जागा ठेवली नाही. मिरजेहून बादशहाला बोलावलं, हरिबाला बसवलं, शालूला ताटल्या दिल्या, घड्याळ लावलं. मिनिटभर सगळे गाडीकडे कान देऊन बसले. मग मी "शून्य" असं लिहिलं, खाली सही केली आणि हरिबाची सही व हरणाबाईचा अंगठा घेतला. बादशहाने त्रितालात पडताळून पाहिलं आणि हरिबाने भजनी ठेक्यात, आणि या वेळी दोघांचं उत्तर एकच आलं.